उंबराखालची उलटी छत्री

छत्रीच्या जातीत जन्म घेतला खरा, मित्रांनो, पण डोक्यावर मिरवायचं माझ्या नशिबी नव्हतं. आठ काड्या, वेताची मूठ आणि पांढरंशुभ्र सुती कापड, एवढ्यातून मी घडले. माझ्या बहिणी उन्हापावसात कामाला गेल्या. मला बाईंनी नेलं आणि पहिल्याच दिवशी उंबराखाली उलटी धरली.

बाईंचं काम झाडांवरचे तुडतुडे ओळखण्याचं. तांदळाच्या दाण्याहून बारीक, पानाच्या पाठीला बसून रस पिणारे, तिरके चालणारे हे किडे. बाई काठीने फांदीवर हलकेच टकटक करायच्या. फांदी हले, पान हले, पानाआडचा पाहुणा माझ्या कुशीत पडे. मग बाटलीला लावलेली नळी ओठांत धरून बाई त्याला श्वासाने अलगद आत ओढून घेत.

घरासमोरच्या, कुणी न लावता इथल्या मातीतून उगवलेल्या या उंबरावर त्यांना एक हिरवी तुडतुडी मिळाली. ती कुठल्याच पुस्तकात बसेना. पण ती मादी. तिच्या कुळात माद्या एकसारख्या दिसतात. नर भिंगाखाली तपासल्याशिवाय जात ठरत नाही, नाव ठेवता येत नाही. झालं! हंगामामागून हंगाम आम्ही त्याची वाट पाहिली.

घरी बाईंच्या नणंदबाई शिवणकाम करत. आम्ही परतलो की मशीन थांबवून विचारत, "काय गं वहिनी, मिळाला का नवरदेव?"

"नाही हो, वन्सं."

"माझ्या वेळी कुणी एवढं स्थळ शोधलं असतं तर!"

दोघी हसत. हसू विरलं की मशीन पुन्हा सुरू होई.

एकदा माझं कापड फाटलं. नणंदबाईंनी हाती लागला तो काळा तुकडा लावला. बाई वैतागल्या. "पांढऱ्यावर काळं ठिगळ?"

"असू दे. दृष्ट लागायची नाही."

दुसऱ्याच सकाळी त्या काळ्या तुकड्यावर एक पांढुरका जीव उतरला, माद्यांहून लहान. माझ्या पांढऱ्या कापडावर तो कधी दिसलाच नसता. बाईंनी नळी ओठांत धरली आणि आनंदाने म्हणाल्या, "आला!"

आत घ्यायचा श्वास बाहेर गेला. त्या फुंकरीसरशी तो उडाला. त्याच्या पावलांची गुदगुली अजून माझ्या अंगावर आहे.

पुढे बाईंचे गुडघे गेले आणि मी दाराआडच्या खिळ्याला लागले. काड्यांत कोळ्याने संसार थाटला. उंबराला पालवी फुटल्याचं वाऱ्यावरून कळायचं. कुणी खिळ्याजवळ आलं की वाटे, माझ्यासाठीच. हात शेजारची पिशवी घेऊन जाई.

मग एका सकाळी नणंदबाईंनी मला झटकलं.

"वन्सं, कुठे निघालात?"

"स्थळ बघायला. मुलीकडच्यांनी किती दिवस घरात बसायचं?"

उंबराखाली त्या अशा बडवायला लागल्या की बाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, फांदी आहे ती, गादी नव्हे!"

एक जीव बाटलीत आला. बाईंनी तो भिंगाखाली धरला.

"मादीच आहे."

नणंदबाईंनी मला खिळ्याला टांगलं नाही. दारातच उघडी ठेवली. "उद्या लवकर उठव मला," म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या वाटेवरचं एखादं जुनं झाड उगाच जागा अडवून उभं आहे असं वाटलं, तर कुऱ्हाड मागवण्याआधी त्याचं एक पान उलटून बघा. हळू, श्वास आवरून. आम्ही तिघी अजून कुणाची तरी वाट बघतोय.