दसऱ्याचं ऑइल

साहेबरावांच्या घरात मोटारसायकलचं ऑइल वर्षातून एकदाच बदलायचं. दसऱ्याला. गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि त्याच दिवशी जुनं ऑइल काढून नवं भरायचं. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या इंजिनाकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. "आमच्या घरात वस्तू टिकती," म्हातारा छाती काढून सांगायचा, "कारण आमी तिला नेम लावतो."

नेम लावला तेव्हा गाडी घरातून शेतात आणि शेतातून पारावर जायची. आता तीच गाडी सून रोज विष्णुपुरीपर्यंत नेत होती आणि परत आणत होती. पण नेम एकदा पडला की पडला. घरच्या नेमाला बुद्धी कोण विचारतो?

सून म्हणजे सिंधु. माहेर निलंग्याकडचं, नर्सिंग झालेलं. गाडी तिच्या बापानं, मडिवाळप्पांनी, लग्नात दिली होती. अर्थात कागदावर नाव जावयाचं, रामलिंगचं. बाप पोरीचा, घाम बापाचा आणि नाव जावयाचं. याला हुंडा म्हणायची लाज वाटते म्हणून लोक 'हौसेनं दिली' म्हणतात.

विष्णुपुरीच्या बाजूला एका खासगी डायलिसिस सेंटरात तिची सकाळची पाळी होती. माणसं अंगावर सूज घेऊन, दिवसाचं पाणी घोट मोजून पीत यायची. त्यांना सातला मशीन लागलीच पाहिजे. त्या वेळेला गावाजवळच्या नायगावकडून एकही एसटी धड नव्हती, म्हणून गाडी. दोनदा गाडी वाटेत बंद पडून तिला उशीर झाला होता. इन्चार्ज हरिओम सरांनी दुसऱ्या वेळी शांतपणे सांगितलं होतं, "सिस्टर, आता तिसऱ्यांदा झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागंल."

हे तिनं घरी सांगितलं. सासरा म्हणाला, "गेली तर गेली. कापूस वेचायला माणूस मिळून नाही राहिलं."

म्हणजे नोकरी गेली तर या घरात रडणारं कुणी नव्हतं. एकटी तीच.

दिवाळी होऊन गेली, संक्रांत गेली, आणि इंजिन डब्यात खडे घालून हलवल्यासारखं वाजायला लागलं. सिंधुनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, ऑइल बदला की. रोज एवढं चालवलं तर महिन्या-दीड महिन्याला बदलावंच लागतंय."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात लिहिलंय. गाडीसंगं आलेलं."

"कंपनीवाले लिहितेतच. त्यांचं ऑइल खपाया नको?" रामलिंग हसला. "थांब, मी करतो."

हे 'मी करतो' फार वाईट. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. रामलिंग नाही कधी म्हणायचाच नाही. ती दुपारी घरी येऊन गाडीवरून उतरली की इंजिन गरम असतानाच तो टांग टाकायचा आणि अंधार पडल्यावर उगवायचा. वर भावकीतला कुणी आला, "रामलिंग, गाडी दे की, आलोच," म्हणाला की चावी त्याच्या हातात. 'आलोच' म्हणून गेलेला माणूस थेट देगलूरहून परत यायचा. पेट्रोल तरी टाकायचे लोक, कारण त्याशिवाय गाडी हलत नाही. ऑइलचं तसं नाही. ते आटत जातं आणि काही बोलत नाही. घरातल्या बाईसारखंच म्हणा.

शेवटी सिंधु एका शनिवारी स्वतःच उठली. शनिवार तिच्या सुट्टीचा. "मी नायगावला जाऊन ऑइल टाकून आणते," म्हणाली आणि चावी घेतली.

दारात सासू, गुणाबाई, आडवी आली. "आज शनिवार हाय."

"मग?"

"शनिवारी तेल आन् लोखंड घरात आणत्यात का गं? तुझ्या माहेरी न्हाई पाळत वाटतं?"

"आत्याबाई, ते गाडीचं ऑइल हाय. कढईत घालायचं न्हाई."

"ऑइल म्हण न्हाईतर घासलेट म्हण. शनीला ते समदं एकच. मागं भावकीतल्या श्रीमंतच्या घरी शनिवारी तेल आणलं, आठ दिसात म्हैस गेली."

"म्हैस पोटफुगीनं गेली. मी बघितलीय."

"पोट कशानं फुगलं पण?"

सिंधुनं चावी सोडली नाही. आजचा दिवस गेला की पुढची सुट्टी परत शनिवारीच. शनि काय तिच्यासाठी वार बदलणार नव्हता, आणि हरिओम सरही नाही.

रामलिंग अंगणात दात घासत सगळं ऐकत होता. त्याला एकदम अक्कल सुचली. अशा माणसांना अक्कल सुचली की घरानं घाबरावं. "अगं, विकत कशाला आणतीस? ट्रॅक्टरचं ऑइल पडलंय की घरात. कॅन अर्धा भरलेला हाय. घरातलंच तेल, शनीला काय कळतंय?"

गुणाबाईंना ते पटलं. साहेबरावांनाही पटलं. "ट्रॅक्टर एवढा मोठा चालतो त्याच्यावर, फटफटीचं काय घेऊन बसलात?"

"ते वेगळं असतंय," सिंधु म्हणाली. "पुस्तकात तसं..."

"पुस्तक, पुस्तक!" रामलिंगनं इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढून बघितली. टोकाला काळा चिकट ठिपका. "बग, आटलंय. मी करून राहिलो ना? का मी करतो तेबी पुस्तकात न्हाई?"

सगळे हसले. त्यानं जुनं काढलंसुद्धा नाही. वरूनच नरसाळं लावून ट्रॅक्टरचं जाड ऑइल ओतलं आणि किक मारली. खडखड खरंच कमी झाली. "बग, कशी लोण्यावानी चालली." दिवसभर त्यानं पारावर तेच सांगितलं.

रविवारी पहाटे सिंधु निघाली. अर्ध्या वाटेपर्यंत ठीक. मग एका चढाला तिनं रेस दिली, इंजिन ओरडलं, आणि गाडी पुढं सरकेना. आणखी रेस दिली, आणखी ओरडलं. गियर टाकलेला, क्लच सोडलेला, तरी चाकात ताकद पोचेना. मागून ट्रक हॉर्न देत अंगावर यायला लागले. करपल्यासारखा वास सुटला. तिनं उतरून गाडी ढकलली, सपाटीला बसून चालवली, परत चढाला ढकलली. अंगावर पांढरा कोट, पायांवर धूळ, आणि डोळ्यांसमोर पहिल्या खुर्चीवरची आजी, जिला उताणं झोपलं की श्वास लागायचा.

पोचली तेव्हा त्या आजीला सोबतच्या लुबनानं मशीन लावली होती, आपले दोन पेशंट थांबवून. हरिओम सर दारात उभे होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पाळी संपली की भेटा," एवढंच म्हणाले.

पाळी संपल्यावर ते म्हणाले, "उद्या सातला तुम्ही इथं असाल का? असाल तरच हो म्हणा."

"हो," ती म्हणाली. कशी असणार ते तिलाही ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यावर निजामोद्दीनचं गॅरेज होतं. त्यानं झाकण उघडून बोटावर ऑइल घेतलं आणि हात पुसला. "ताई, ट्रॅक्टरचं टाकलं ना? लई लोक टाकतात. त्यानं क्लच घसरून जळतो, प्लेटा गेल्या समजा. दोन दिवस गाडी राहू द्या."

सिंधु तिथंच टायरवर बसली. मागं लुबना उभी होती. "माझी खोली ही मागंच आहे. चालत ये-जा. दोघी राहू," ती म्हणाली. "तू घोरत नाहीस ना? मग झालं."

सिंधुनं घरी फोन लावला. साहेबराव म्हणाले, "परक्या खोलीत ऱ्हायचं? काई गरज न्हाई. सोड ती नोकरी." गुणाबाई म्हणाल्या, "बघ, म्हणलं नव्हतं?" शनिवारी तेल विकत आणलं नाही म्हणून हे झालं, हे त्या घरात एकालाही सुचलं नाही. रामलिंग म्हणाला, "थांब, मी करतो."

तिनं फोन ठेवला आणि लुबनाच्या खोलीत अंथरूण टाकलं.

गाडी दुरुस्त झाली त्या दिवशी मात्र रामलिंग खरोखर आला. बसनं, घामाघूम, खिशात दुसरी चावी. भावकीत साखरपुडा होता, गाडी लागत होती. गॅरेजातून आणलेली गाडी सेंटरच्या दारातच उभी होती. बायको दोन मिनिटांसाठी बाहेर आली.

"गाडी माझ्या नावावर हाय," त्यानं सुरुवातच तिथून केली.

"हाव, हाय. न्या."

तो भांडायची तयारी करून आला होता. त्यानं खिशातली चावी काढून गाडीला लावली.

सिंधुनं गाडीकडं बघितलं. बापानं टाकीवर कुंकवाचं बोट लावून दिली होती ती. दहा ठिकाणी पोचे पडले होते. तिनं टाकीवरच्या एका पोच्यावरून अंगठा फिरवला.

"आन् तू?"

"मी हितंच. चालत येते. सुट्टीला येईन बसनं."

"हितंच म्हंजी? कवर?"

"नोकरी हाय तवर."

"अगं पण लोक काय म्हणतील? मी काय सांगू गावात?"

"सांगा, गाडी दुरुस्त झाली, बायको बिघडली."

शेजारच्या रिक्षातला माणूस फसकन हसला. रामलिंगचं तोंड लाल झालं. त्यानं किक मारली, गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि सुरूच राहिली. तो तसाच बसून होता, पाय जमिनीला लावून, पेट्रोल जाळत, ती काहीतरी बोलेल म्हणून.

आतून मशीनचा अलार्म वाजला. सिंधु वळली आणि आत गेली.