ओढ्याकाठचं रान

बारक्यानं भावोजींचा हात मोडला तो बियाण्याच्या दुकानात, भरदिवसा, गिऱ्हाइकांसमोर.

बारक्या नावाचाच बारका. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. लहानपणी काडीसारखा होता म्हणून ताईनंच ते नाव ठेवलं होतं. पुढे तो घोडे पाळू लागला, त्यांच्यासारखाच रुंद झाला, पण नाव काही सुटलं नाही. ताईचा नवरा गिरणीवाला. ओटाचे दाणे सोलायचे, दळायचे, एवढंच त्याचं जग.

वडील गेल्यावर जमीन दोघा भावंडांत सामाईकच राहिली. वरची पट्टी मुरमाड, उताराची. खाली ओढ्याकाठचं रान मात्र काळंभोर. तिथं दरवर्षी दोघं मिळून ओटाचं एकच जुनं वाण पेरायचे. ते ना धड उंच व्हायचं, ना त्याचा धड दाणा भरायचा. बारक्या म्हणायचा, घोडे अर्धपोटी राहतात. गिरणीवाला म्हणायचा, निम्मं टरफलच निघतं.

म्हणून यंदा तिघं मिळून दुकानात गेले होते. दुकानवाल्या बाईनं दोन परातींत बी ओतून दाखवलं.

"चाऱ्याला हे घ्या. उंच होतं, पाला भरपूर, लोंबी उशिरा टाकतं. काडी बारीक असते, जनावर मागे काही ठेवत नाही. गिरणीला हे दुसरं. बुटकं, ताठ काडीचं, वाऱ्यात लोळत नाही. दाणा टपोरा, टरफल पातळ. दोन्ही एकाच वाणात मागाल, तर पुन्हा तेच रडगाणं."

"दोन्ही घेऊ," ताई म्हणाली.

"आणि ओढ्याकाठी कुठलं?" बारक्यानं विचारलं.

गिरणीवाल्यानं टपोरे दाणे मुठीत घेतले. "हेच. घोड्यांना वरच्या पट्टीतलं चालतंय की. मुकं जनावर, त्याला काय कळतंय?"

बारक्यानं भावोजींचं मनगट धरलं, हात पाठीमागे पिळला आणि त्यांना पोत्यांच्या थप्पीवर दाबलं. ताई त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, पण भिंतीवर मारल्यासारख्या. मग वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. बारक्यानं हात सोडला, स्वतःच्या पंजाकडे बघितलं आणि आपलं पोतं खांद्यावर टाकून निघून गेला. जाताना त्यानं ते पोतं शेतावरच्या खोपटात टाकलं. पेरणीला मात्र तो आलाच नाही. शरमेनं आला नाही, असं त्याची बायको सांगत होती.

ताईला ती शरम नको होती. नवरा रात्रभर कण्हायचा, गिरणी बंद पडली होती. ती एकटीच शेतावर गेली आणि ओढ्याकाठचं सगळं रान तिनं बुटक्या वाणानं पेरून काढलं. मग तिची नजर खोपटातल्या बारक्याच्या पोत्यावर गेली. तिनं ते ओढ्यापर्यंत फरफटत नेलं, विळ्यानं त्याचं पोट फाडलं आणि सगळं बी पाण्यात सोडलं. दाणे वाहून जाताना बघून तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की ती तशीच थोडा वेळ बसून राहिली.

पीक छान आलं. लोंब्या लवकर बाहेर पडल्या, आणि तिथंच बिंग फुटलं. आपलं वाण असतं तर अजून नुसता पालाच दिसला असता, हे बारक्याला रस्त्यावरूनच कळलं. दाणा नुकता दुधात आला होता तेव्हा एका सकाळी ताईच्या कानावर कापणी यंत्राची घरघर आली.

ती धावत पोचली तोवर अर्धं रान आडवं झालं होतं. बारक्या यंत्रावर बसून सरळ, शिस्तीत ओळी कापत चालला होता.

"बंद कर ते. दाणा भरायचाय अजून."

"माझं बी कुठाय, ताई?"

"ओढ्यात."

बारक्यानं यंत्र थांबवलं नाही. खोपटाला गवत उचलायचा लोखंडी काटा टेकलेला होता. ताईनं तो उचलला, चालत्या यंत्राच्या बाजूनं धावली आणि दोन्ही हातांनी त्याच्या मांडीत खुपसला. काट्याचे दात हाडाला अडकले तेव्हा तिच्या तळहातांना झिणझिण्या आल्या. तिनं काटा उपसला आणि पुन्हा खुपसला.

यंत्र बंद पडलं. बारक्या खाली कोसळला, पण कोसळतानाच त्यानं तिला खाली ओढलं आणि तिचा गळा धरला. त्याचं रक्त तिच्या परकरातून आत झिरपत होतं, गरम. ती त्याचे डोळे ओरबाडत होती. मग तिचे हात ढिले पडले, आणि आभाळ कडेकडेनं काळं होत गेलं.

गिरणीवाला मागोमाग आला होता. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला होता. दुसऱ्या हातानं त्यानं दगड उचलला आणि मेहुण्याच्या डोक्यात घातला. बारक्याची बोटं सैल पडेपर्यंत तो घालतच राहिला.

तिघंही एकाच दवाखान्यात गेले. पोलिसांनी तिघांना वेगवेगळं गाठलं, पण तिघांनी एकच सांगितलं, यंत्राचा अपघात झाला. हवालदारानं ताईच्या गळ्यावरचे दहा व्रण बघितले. "यंत्राला बोटं होती वाटतं," एवढंच तो बोलला.

उठता येऊ लागल्यावर ताई भावाच्या खाटेशी गेली. त्याचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, पाय दोरीनं टांगलेला.

"बाबांसारखं मारलंस," बारक्या म्हणाला. "तोंडातून शब्द न काढता."

ताईचा आवाज फाटून गेला होता. "तूही," ती म्हणाली.

लहानपणी त्यांचे वडील कमरेचा पट्टा सोडायला लागले, की ही दोघं उभ्या पिकात लपायची. बारक्या रडू नये म्हणून ती त्याच्या तोंडावर हात दाबून धरायची. हे दोघांनाही आठवत होतं, पण कुणी तो विषय काढला नाही.

"ते कापलेलं?" तिनं विचारलं.

"बायकोनं वाळवून गोळा केलंय. घोडे आवडीनं खातात. दुधातला दाणा गोड लागतो त्यांना."

"मग झालं," ताई म्हणाली आणि भिंत धरून बाहेर पडली.

पुढच्या पेरणीआधी जमीन उभी वाटून घेतली, उतारापासून ओढ्यापर्यंत, म्हणजे दोघांनाही थोडं मुरमाड, थोडं काळं मिळालं. दुकानवाल्या बाईनं दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं, आणि दोन्ही वेळा दारात गडी उभा ठेवला. एका अंगाला उंच, पानाळ ओट वाऱ्यात डोलू लागला, दुसऱ्या अंगाला बुटका, ताठ. बारक्या लंगडत फिरतो. गिरणीवाल्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे पोती ताईच उचलते.

दोन पिकांच्या मधोमध त्यांनी यंत्र जाईल एवढी पट्टी पडीक ठेवली आहे. जमीन अशी वाया का घालवता, असं लोक विचारतात.

"असू दे तेवढी," ताई त्या घोगऱ्या आवाजात सांगते, आणि कामाला लागते.