आदर्शचं ‘आत्ता!’

सर्व्हर मी सांभाळायचा, म्हणजे शिव्याही मीच खायच्या, असा आमच्या गावाचा सरळ न्याय आहे.

राजारामपुरीत अमरसिंहदादाचं गेमिंग सेंटर आहे. मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी दादाचा, फुकटात. कारण माझा धाकटा भाऊ आदर्श तिथल्या टीमचा कॅप्टन. त्या रविवारी जिल्ह्याची फायनल आमच्याच सेंटरमध्ये होती. बंदुकांचा खेळ, एका बाजूला पाच जण, समोर जयसिंगपूरची टीम. तीनपैकी दोन डाव जिंकेल तो पुढं पुण्याला.

पहिला डाव आम्ही मारला, तोही आदर्शच्या उडीवर. सगळ्यांनी मिळून धूर टाकायचा, अंदाधुंद गोळीबार करायचा आणि आदर्श “आत्ता!” म्हणून ओरडला की पाचही जणांनी दारातून आत घुसायचं. समोरचे बघता बघता आडवे. वर्षभर ही उडी गाजत होती. पोरं तिचे व्हिडिओ स्टेटसला ठेवायची, आणि खोटं कशाला बोला, मीही ठेवायची.

जयसिंगपूरची कॅप्टन, इरावती, हेडफोन आपटून उठली.

“ह्यो सर्व्हर घरच्यांचा हाय! ही पोरं दारात आली की आमचा स्क्रीन अडकतोय. आमी मेल्यावर दिसत्यात ही!”

“हरलं की सर्व्हर वंगाळ व्हय?” दादा गरजला. “पावणं, रडीचा डाव हितं न्हाय चालायचा!”

माझं डोकं सणकलं. ती माझ्या भावाला चोर म्हणत होती, आणि सर्व्हर माझा म्हणून मलाही. तिचं तोंड बंद करायचं म्हणून मी सर्व्हरला दर खेपेला किती वेळ लागतो त्याचा आलेख उघडला. बघते तर बाई खरं बोलत होती. एरवी रेघ सरळ जायची, पण धूर आणि गोळीबार एकदम झाला की ताडकन उसळायची.

हा सर्व्हर सेकंदाला चौसष्ट वेळा जागा होतो, कुणी कुठं गोळी झाडली ते गोळा करतो आणि कोण मेलं ते ठरवतो. त्यासाठी त्याला सारखं घड्याळ बघावं लागतं. एक घड्याळ प्रोसेसरच्या पोटातच असतं, ते पटकन वेळ सांगतं. दुसरं बाहेर मदरबोर्डवर असतं, त्याला विचारून येण्यात वेळ जातो. आमचा सर्व्हर दर खेपेला ते बाहेरचंच विचारत होता. मनगटावर घड्याळ असताना जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातलं घड्याळ बघून यावं, तसं. काम कमी असलं तर निभावतं. दहा जण एकदम गोळ्या झाडायला लागले की हा आपला जिन्यातच.

“दादा, हे सेटिंग कुणी केलं?”

“मीच की. व्हिडिओत सांगितलंतं, गेम लई फास्ट पळतोय म्हणून.”

“सर्व्हरला पण?”

“एकाच डिस्कवरनं सगळ्यांच्या कॉप्या मारल्यात. सर्व्हर काय सावत्र हाय व्हय?”

मी कपाळावर हात मारून घेतला. कधीपासून घसा फोडून सांगत होते, सर्व्हरला विंडोज नको, लिनक्स घालू. दोन खेपांच्या मधे सर्व्हरनं विंडोजकडं जराशी डुलकी मागावी, तर ते वेळेवर न उठवता आपल्या सोयीनं उठवतं. गेम खेळायला ठीक, पण चालवायला नाही. दादाचं एकच पालुपद, “त्या काळ्या पडद्यात बटण कुठं असतंय ते दाव आदी!” लिनक्सची डिस्क माझ्या पिशवीत कधीची तयार पडून होती.

“आत्ता बदलू,” मी म्हणाले. “न्हायतर आख्खं जयसिंगपूर आपल्याला चोर म्हणंल.”

“जिंकतोय न्हवं आपण?” दादा आडवा आला. “मग हात कशाला लावायचा?”

“लाव, ताई,” आदर्श म्हणाला. “आमी चोर न्हाय. बघू दे त्यास्नी.”

किती अभिमान वाटला मला त्याचा!

सगळे खाली कटवडा खायला गेले तेवढ्यात मी डिस्क बदलली. लिनक्सनं मुकाट्यानं पोटातलं घड्याळ धरलं. दुसरा डाव सुरू झाला. धूर आला, गोळीबार आला, आणि रेघ तसूभरही हलली नाही. मी खुर्चीतल्या खुर्चीत मूठ आवळली.

“आत्ता!” आदर्श ओरडला.

पाचही जण दारातच मेले.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. आदर्शचा आवाज चढत गेला आणि माझ्या ध्यानात यायला लागलं. एवढे महिने पोरं याच मशीनवर घासत होती. सर्व्हर कुठं अडखळतो ते त्यांच्या हाताला माहीत झालं होतं, डोक्याला पत्ताच नव्हता. ‘आत्ता’ म्हणजे सर्व्हर जिन्यात अडकल्याची वेळ. समोरच्याला दिसेपर्यंत हे आत पोचलेले असायचे. आणि तो जिना मीच नुकता काढून टाकला होता. खेळ थांबवावा तर सांगणार काय? आमची खोट आम्हाला परत द्या?

उरलेले दोन्ही डाव जयसिंगपूरनं नेले.

जाताना इरावती माझ्याकडं आली. “ताई, चुकलं माझं. चोर म्हणाय नको होतं. आता एक नंबर चालतोय सर्व्हर.” तिनं हसून हात पुढं केला. त्या माफीनं माझ्या अंगाची आग आग झाली, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं.

“जुनी डिस्क घाल माघारी!” दादा सगळ्यांदेखत ओरडला. “तिच्यावर जिंकत हुतो आपण. शिकल्याली माणसं घरात असली की ह्ये असं हुतंय!”

एवढं ओरडून तो शटर अर्धं ओढून खाली गेला. आदर्श जागेवरनं उठला नव्हता. मी शेजारची खुर्ची ओढली आणि त्याला सगळं सांगितलं, घड्याळ, जिना, सगळं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे आमी चोरच हुतो?”

“न्हाय रं. तुमाला कुठं माहीत होतं?”

“मग मला खेळाय येतंय का न्हाय, ताई?”

येतंय की, म्हणायला काय जात होतं माझं? पण दिवसभर खरं तेच बाहेर काढायचा माझाच हट्ट चालला होता.

“मला माहीत न्हाय,” मी म्हणाले.

त्यानं हेडफोन चढवला. एकट्यानंच खेळ सुरू केला, धूर टाकला, दाराशी गेला. समोर कुणीसुद्धा नव्हतं. तरी तो तिथं ‘आत्ता’ची वाट बघत थांबला, आणि धूर विरून गेला तरी थांबूनच राहिला.