सामन्याच्या दिवशी बोलायचं नाही

अठरा वर्षं मी पगार घेऊन गोल राखला. सात संघ झाले. सगळ्यांत वरच्या लीगमध्ये अकरा सामने मिळाले, तेही दुसऱ्या कोणाचा तरी गुडघा दुखावला म्हणून. बाकीची वर्षं खालच्या लीगमध्ये, कॅनडात उत्तर ओंटारियोतल्या खाणींच्या गावांतून बसने फिरण्यात गेली. नाक तीनदा मोडलं. आता खेळत नाही. हार्लन फॉल्सच्या संघात गोलकीपरांना शिकवतो.

आमच्या घरात नियम एकच होता. सामन्याच्या दिवशी माझ्याशी कोणी बोलायचं नाही. यात विशेष काही नाही, बर्फावरच्या हॉकीत पुष्कळ गोलकीपरांचं असंच असतं आणि बाकीचे ते पाळतात. इतर खेळाडू मिनिटभर पळतात आणि बाकावर येऊन बसतात. त्यांची चूक सावरायला मागे कोणीतरी असतं. गोलकीपरच्या मागे फक्त जाळी असते. सुरुवातीच्या वर्षांत मला दर सामन्याआधी उलटी व्हायची. गप्प राहिलो की होत नसे, म्हणून गप्प राहायला लागलो.

आयलाला, म्हणजे माझ्या बायकोला, याचं काही वाटलं नाही. तिचे आईवडील फिनलंडहून आलेले. "आमच्या घरी सामना नसतानाही असंच असतं," असं ती म्हणायची. सकाळी लापशी आणि दोन अंडी टेबलावर ठेवून ती आतल्या खोलीत जाई. मी दुपारी झोपलो की फोनचा रिसीव्हर काढून टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवी. आमची लेना चार वर्षांची असताना दारात आलेल्या पाद्रीबाबांना तिने ओठांवर बोट ठेवून सांगितलं होतं, "आज माझ्या बाबांना तोंड नाही." आम्ही ते कितीतरी वर्षं लोकांना सांगून हसायचो.

माझ्या शेवटच्या मोसमात आम्ही अंतिम फेरीला पोचलो. मी अडतीस वर्षांचा होतो, पुन्हा अशी संधी येणार नव्हती. सात सामने, बहुतेक एक दिवसाआड. मधल्या दिवशी मी नियमाप्रमाणे बोलू शकत होतो, पण मनाने उद्याच्या सामन्यातच असायचो. सातवा सामना आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आयला स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली. अंगात कोट तसाच होता. तिला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. कळून एकोणीस दिवस झाले होते.

"आणखी कोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"लेनाला. तिनेच गाडीतून नेलं मला तपासणीला."

डॉक्टर म्हणाले, एकोणीस दिवसांनी काही फरक पडला नसता. ते उपचारांबद्दल बोलत होते. ऑगस्टमध्ये आयला गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू होती, तिथे सगळ्यांसमोर मी लेनाला म्हणालो, "तू मला सांगायला हवं होतंस." ती सतरा वर्षांची होती.

"आईने शपथ घातली होती, बाबा."

"मी तुझा बाप आहे. मला सांगायला हवं होतंस."

पुढे ती नर्सिंग शिकायला टोरोंटोला गेली. दर रविवारी फोन करायची. मी थंडी किती पडली ते सांगायचो आणि ठेवून द्यायचो. वीस महिने हे असंच चाललं.

या एप्रिलमध्ये आमचा पुन्हा अंतिम फेरीचा सातवा सामना आला. आता गोलमध्ये रेजां थिबो होता, हर्स्ट गावाकडचा, एकतीस वर्षांचा. तोही सामन्याच्या दिवशी कोणाशी बोलत नाही. दुपारी साडेतीनला रिंकच्या, म्हणजे आमच्या बर्फाच्या मैदानाच्या, ऑफिसात फोन वाजला. त्याची बायको मनॉन होती.

"ऑर्व, रेजांचे वडील लाकडं फोडताना कोसळले. हर्स्टच्या इस्पितळात आहेत. रात्र काढतील असं वाटत नाही म्हणतात."

"आत्ता निघाला तर सातपर्यंत पोचेल," मी म्हणालो.

"मला हिशेब येतो. तुम्ही त्याला सांगू नका. सामना संपल्यावर तो पोरांबरोबर बिअर प्यायला जाईल, तेवढं जाऊ देऊ नका, म्हणून फोन केला. तुम्हाला माहीत आहे तो कसा आहे."

मुख्य कोच लॉयड बाजूलाच बसला होता. त्याने ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "दहा वाजता सांगू. त्याच्या बापालाही हेच हवं असणार."

"बापाला विचारलंस?"

"हे बघ म्हाताऱ्या, दुसरा गोलकीपर मोसमात दोन सामने खेळलाय आणि एकात सात गोल खाल्लेत. तू आज तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," मी म्हणालो, आणि ड्रेसिंग रूममध्ये गेलो.

रेजां कोपऱ्यात बसून स्टिकला टेप गुंडाळत होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. मी जाऊन शेजारी बसलो, तशी खोलीतली सगळी बडबड थांबली. प्रार्थनेत कोणी शिट्टी मारल्यावर लोक बघतात तशी पोरं माझ्याकडे बघायला लागली.

"रेजां, तुझे वडील हर्स्टच्या इस्पितळात आहेत. सकाळपर्यंत राहतील असं वाटत नाही म्हणतात. माझी गाडी बाहेर आहे, टाकी भरलेली आहे. मी चालवतो."

त्याने टेपचा शेवटचा वेढा घातला आणि दातांनी टेप तोडला. "कोणी सांगितलं तुला मला सांगायला?"

"कोणी नाही. मनॉन नको म्हणाली."

"मग का सांगितलंस?"

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

"ते तुझं आहे, ऑर्व. माझ्यावर कशाला टाकतोस?" तो ओरडत नव्हता, पण त्याचे डोळे भरले होते. "आता मी काय करू? गेलो तर ही वीस पोरं. नाही गेलो तर तो. तू पाच-सहा तास थांबला असतास, तर मला काही ठरवावंच लागलं नसतं."

मग त्याने गोलकीपरचा मुखवटा चढवला. सामन्याला अजून वेळ होता, इतक्या लवकर कोणी मुखवटा चढवत नाही. मी उठलो आणि गाडीत जाऊन इंजिन चालू करून बसलो. आतून राष्ट्रगीत ऐकू येईपर्यंत बसलो. तो आला नाही.

रेजां फार चांगला खेळला. अडतीस फटके अडवले. आम्ही दोन-एकने जिंकलो, म्हणून लॉयडने मला काढलं नाही. रेजांचे वडील दुसऱ्या मध्यंतराच्या सुमारास, शेवटचा तिसरा डाव सुरू व्हायच्या आधी, गेले. मी त्याला हर्स्टला सोडून आलो. उतरताना त्याने मागच्या सीटवरची पिशवी घेतली आणि दार हळू लावलं, एवढंच.

परत येताना मी स्वतःशी वाद घालत होतो. वीस महिने मी एकच गोष्ट धरून बसलो होतो, की मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी सगळं सोडून आयलाजवळ बसलो असतो, असं मी मानत आलो होतो. पण रेजांला मी सांगितलं होतं. साडेतीन तासांचा रस्ता होता, गाडी तयार होती, आणि त्याने मुखवटा चढवला. तो वाईट माणूस नाही. त्याच्या जागी मी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक असणार.

रविवारी लेनाचा फोन यायच्या आधी मीच लावला.

"काय झालं? बरे आहात ना?" मी कधी फोन करत नाही, त्यामुळे ती घाबरली होती.

मी तिला रेजांचं सगळं सांगितलं. मग मी म्हणालो, "तेव्हा तू मला सांगितलं असतंस, तरी मी खेळायला गेलो असतो."

तिच्या मागे कोणीतरी भांडी विसळत होतं. ते थांबलं, नळ बंद झाला.

"माहीत आहे, बाबा. आईलाही माहीत होतं. सांगितल्यावरही तुम्ही गेलात, हे तिला बघायचं नव्हतं. म्हणून नाही सांगितलं."

"चिडलो असतो का गं मी तिच्यावर?"

"नाही. तुम्ही 'उद्या बोलू' म्हणाला असतात."

मी फोन ठेवला नाही. तीही फोन ठेवेना. मग मी तिला त्या एकोणीस दिवसांबद्दल विचारलं, आणि दोन वाजता तिची ड्युटी होती तोवर ती सांगत राहिली. आयलाच्या पोटात काय टिकायचं, तपासणीहून येताना दोघी कुठे थांबल्या, चौथ्या सामन्याला आयला माझ्या गोलच्या मागच्या रांगेत येऊन बसली होती आणि मध्यंतरात उठून गेली. लेनाला तारखेनिशी आठवत होतं. मला फक्त सामने आठवत होते.