सगळ्याला ‘हो’ म्हणा

भुवनेश्वरी स्वामी नळदुर्गच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायच्या. आलेख काढून दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर त्यांना फार आवडायचं. आकडा बदलला की वक्ररेषा डोळ्यांदेखत वाकायची आणि मागच्या बाकांवरची मुलंही मान वर करायची. पण ते कॉम्प्युटरवर चढवायचं म्हणजे तीन ठिकाणांहून तीन तुकडे उतरवायचे, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या. खेड्यातल्या मास्तरांनी हे कधी करायचं?

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सगळं एकाच फाईलमध्ये बांधलं. वरच्या पट्टीवर स्वतःचं नाव आणि गाव टाकलं. सोबत एका पानाचा मराठी कागद लिहिला: ‘फाईल दोनदा दाबा. इशारा आला तर घाबरू नका. जे विचारेल त्या सगळ्याला हो म्हणा.’ जिल्ह्यातल्या गणित शिक्षकांच्या ग्रुपवर फाईल टाकली. आठवडाभर हात जोडलेली चित्रं येत राहिली.

जानेवारीत तेरखेड्याच्या शाळेतल्या बलभीम सरांचा फोन आला. निवृत्तीला आलेला, मोजकं बोलणारा माणूस.

“मॅडम, तुमच्या गणितात बाई नाचायलीय.”

“काय म्हणालात सर?”

“आलेखाच्या कोपऱ्यात. पत्त्याच्या जुगाराची जाहिरात हाय. दहावीच्या पोरी बसल्यात समोर. म्या पडद्यावर टॉवेल टाकलाय.”

शनिवारी कॉलेज सुटताच भुवनेश्वरी एसटीनं तेरखेड्याला गेल्या. टॉवेल अजून तसाच होता. सरांनी तो उचलला. पॅराबोलाच्या वक्ररेषेशेजारी एक अर्धी उघडी बाई कंबर हलवत पत्ते पिसत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘आजच जिंका’. वरच्या पट्टीवर त्यांचंच नाव होतं, भुवनेश्वरी स्वामी, नळदुर्ग.

“ही फाईल कुठून घेतली सर? ग्रुपवरून?”

“न्हाय. एवढी मोठी फाईल उतरवायला आमच्याकडं नेट कुठं चालतंय? धाराशिवला ट्रेनिंग झालं, तिथं त्या कॉम्प्युटर सेंटरच्या अमरसिंहानं पेनड्राइव्ह वाटले. मॅडमचंच हाय म्हणाला.”

परतीच्या वाटेवर त्या धाराशिवला उतरल्या. अमरसिंहाचं कॉम्प्युटर सेंटर स्टँडजवळच होतं. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. लपवाछपवी काहीच केली नाही.

“फुकट वाटायचं हाय नं मॅडम? आमी बी फुकटच वाटलं. जाहिरातवाल्यांचा एक तुकडा जोडला, एवढंच. अन तुमचं नाव काढलं का? न्हाय काढलं.”

“मुली बघतात ते, अमरसिंह.”

“मोबाइलवर काय कमी बघत्यात? अन आपण चोरून न्हाय टाकलं. ‘जाहिराती दाखवू का’ म्हणून विचारतंय ते. माणसं हो म्हणत्यात.” तो हसला. “तुमच्याच कागदात हाय की, सगळ्याला हो म्हणा. लई कामाला आला तुमचा कागद. आमी झेरॉक्स काढून संगं दिला.”

घोटभर चहा तोंडात होता. तो भुवनेश्वरींनी कसाबसा गिळला. त्याच्या हसण्याची किळस आली, आणि त्याहून जास्त त्या एका ओळीची. ती त्यांनी स्वतः लिहिली होती. वाचू नका, विचार करू नका, दाबा. वर्गात कुणी पायरी न लिहिता उत्तर लिहिलं की त्या वही परत करायच्या.

कप तसाच ठेवून त्या उठल्या.

रविवारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं की चूक माझीही आहे, सेंटरची फाईल काढून टाका. मग नवी फाईल केली. नवा कागद तीन पानांचा झाला: कोणता प्रश्न कशासाठी येतो, कुठं ‘नाही’ म्हणायचं, आपल्या हातातली फाईल खरी आहे का हे कसं बघायचं. उत्तरं कमी आली. एकानं लिहिलं, ‘मॅडम, पहिलं सोपं होतं.’ अमरसिंहाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. त्याच्याकडून सगळ्यांचेच प्रिंटर दुरुस्त होत.

मग दर शनिवारी त्या स्वतःच शाळांमध्ये जाऊ लागल्या. तुळजापूरजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापक दारातच म्हणाले, “राहू द्या मॅडम. पोरांना सवय झाली आता, बघत बी न्हायीत तिकडं.”

“मला बघवत नाही,” त्या म्हणाल्या, आणि ओळीनं सगळे कॉम्प्युटर साफ केले. मुख्याध्यापक घड्याळ बघत उभे होते. पत्ते पिसणारी ती बाई प्रत्येक पडद्यावर होती आणि प्रत्येक वेळी तितकीच घाण वाटली.

नव्या फाईलमधून नाव काढून टाकावं, असं त्यांच्या मनात बरेचदा आलं. शेवटी नाव ठेवलं आणि खाली फोन नंबर दिला. आता फोन येतात. बहुतेक जण तीन पानं फार झाली म्हणून कुरकुरतात. भुवनेश्वरी ऐकून घेतात आणि म्हणतात, “पान दोन काढा. वाचा मोठ्यानं, मी ऐकते.”