धक्का किनाऱ्यावर ओढताना

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तलावाकाठचं घर हिवाळ्यासाठी बंद करायला गेलो, तेव्हा माझा नवरा एन्सिओ आणि त्याचा धाकटा भाऊ कालेर्वो यांच्या अबोल्याला चौथा महिना लागला होता. जुलैत कालेर्वोने कुणाला न विचारता अंगणातलं बर्चचं झाड पाडलं. थोरल्याने चार वाक्यं सुनावली, धाकट्याने दोन. एवढ्यात दोघांचा वर्षभराचा बोलण्याचा कोटा संपला.

घर दोघांचं, म्हणून आवराआवरीलाही दोघं. पंपातलं नि नळांतलं पाणी काढायचं, नाहीतर गोठून पाइप फुटतात. सगळ्यात जड काम म्हणजे होडी लावायचा तरंगता लाकडी धक्का. तो बर्फ धरायच्या आत पाण्याबाहेर ओढावा लागतो.

"रौनी, त्याला सांग, पलीकडचं टोक धर म्हणावं," एन्सिओ म्हणाला.

कालेर्वो दोन हात अंतरावरच उभा होता. "वहिनी, त्याला सांगा, मला ऐकू येतं."

"मग भावजी, धरा की!"

"त्याला तोंड नाही?"

असे निरोप मी अर्धा तास पोचवले. मग वैतागून म्हटलं, "मी पंप रिकामा करायला चालले. तुमचं तुम्ही बघा."

वीस मिनिटांनी बाहेर येऊन बघते, तर दोघे मांडीभर पाण्यात, धक्का खांद्यावर घेऊन, पुतळ्यासारखे उभे. उचलला होता दोघांनी बरोबर, पण 'चल' कोण म्हणणार? ओठ निळे पडले होते.

शेवटी एन्सिओ लाकडाकडे बघून म्हणाला, "धक्क्या, तुला आता वर जायचंय बरं का."

"धक्क्या," पलीकडून उत्तर आलं, "तुला अडवलंय कुणी?"

आणि निघाले की! चौथ्या पावलाला एन्सिओचा गमबूट चिखलात रुतला. पाय वर आला, बूट खालीच राहिला, धक्का आदळला आणि माझा नवरा गळ्यापर्यंत पाण्यात बसला. कालेर्वो खो खो हसत सुटला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हसतोस काय गाढवा! हात दे!"

"देतो. आधी बूट शोध."

"झाडं पाडायला बरे हात चालतात तुझे!"

"पोकळ होतं ते झाड. पुढच्या वादळात तुझ्याच टाळक्यात पडलं असतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठे?"

एन्सिओने पाण्यात बसूनच हात पुढे केला.

धक्का वर आला. थंडीने दोघे कुडकुडत होते, म्हणून सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, पेटवली. नळ बंद झाले होते, त्यामुळे पाण्याच्या बादल्या तलावातून मी आणल्या. आत वाफेत दोघांची तोंडं जी सुटली, ती दीड तास थांबली नाहीत. तेवढ्या वेळात मी एकटीने खिडक्यांच्या फळ्या लावल्या, फ्रिज पुसला आणि उरलेला, धुरीवर शिजवलेला मासा उभ्या उभ्या खायला घेतला.

लालबुंद होऊन दोघे बाहेर आले.

"काय गं," एन्सिओ म्हणाला, "अजून आवरलं नाही तुझं? आम्हाला भूक लागलीय."

मी माशाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.