खिळ्यांच्या डब्यातलं पोलादी पान

“अगं ऐकलंस का, मिस्त्रींच्या लेकीला त्या मशीनपायी दवाखान्यात...”

आज दुपारी खिडकीबाहेर शिंपीणकाकू एवढं बोलल्या आणि नेमका तेव्हाच पाण्याचा टँकर गल्लीत शिरला. तो धडधडत निघून गेला, तोवर काकूंचं वाक्यही संपलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. सकाळी तर पोर हसत टेम्पोत चढली होती.

काकू म्हणत होत्या ती मशीन म्हणजे मीच. मिस्त्रींच्या कारखान्यात टेबलात बसवलेली गोल करवत बोलतेय. माझी जागा खिडकीलगत आहे, त्यामुळे कोणाची सून रुसली आणि कोणाचा भाडेकरू पळाला, सगळं मला बसल्या जागी कळतं. चुकून कानावर पडतं असं नाही, मी कान देऊनच ऐकते. अकरा वर्षं चादरीखाली काढल्यावर दुसरा विरंगुळा तरी कोणता?

मी आले तेव्हा नवी कोरी होते. बिडाचं टेबल, पोलादी पातं, चाळीस दात. माझ्याच पेटीतून आणखी दोन वस्तू निघाल्या. एक पात्यावरचं झाकण आणि दुसरं एक पातळ पोलादी पान. हे पान पात्याच्या मागे उभं असतं. फळी चिरली की चीर मागून मिटू पाहते आणि फिरत्या पात्याला आवळते, म्हणून ते चिरेत घुसून तिला उघडी ठेवतं. मिस्त्रींनी दोन्ही वस्तू उलटसुलट करून पाहिल्या. “हे कशाला मध्येमध्ये,” म्हणाले, आणि कागदात गुंडाळून खिळ्यांच्या मोठ्या डब्याच्या तळाशी ठेवून दिल्या.

पुढे एका दुपारी व्हायचं तेच झालं. चीर मिटली, पातं आवळलं गेलं आणि फळी उलटी मिस्त्रींच्या अंगावर उडाली. तिच्यावर टेकवलेला डावा हात पुढे पात्यावर घसरला. दोन बोटांची वरची पेरं गेली.

“मशीन पिसाळलं,” मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. मी काय बोलणार? दात चाळीस, पण जीभ नाही.

माझ्यावर चादर पडली. चादरीवर रंगाचे डबे, डब्यांवर जुनी वर्तमानपत्रं. मिस्त्रीणबाई रोज कारखाना झाडायच्या, पण माझ्या पायांशी आल्या की झाडू वळवून निघून जायच्या. एवढा केर कोणी कोणाच्या पायाशी साठू देत नाही हो.

मधल्या काळात लेक मोठी झाली, दोन वर्षं सुतारकाम शिकून आली आणि वडिलांच्या शेजारी उभी राहून रंधा मारू लागली. गेल्या महिन्यात मोठ्या दवाखान्याचं काम आलं. रुग्णांच्या नातेवाइकांना बसायला बारा बाक, तीन आठवड्यांत. सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या हव्यात. हातकरवतीनं ते होणारं नव्हतं.

“नाही म्हणून सांग त्यांना,” मिस्त्री म्हणाले. “ही शनिवारी भंगारात जातेय. भंगारवाला पाहून गेलाय.”

“बाबा, हे काम सोडलं तर पुढचं कोण देणार आपल्याला?”

“माझ्या दोन बोटांवर भागलं. तुझी द्यायची नाहीत मला.”

“मग शनिवारपर्यंत ती माझी. शनिवारी तुमच्यासमोर एक फळी चिरते. तुम्हाला पटलं नाही तर मीच तिला हातगाडीवर चढवते.”

तिनं चादर ओढली. अकरा वर्षांनी उजेड पाहिला मी. सगळ्यात आधी तिनं माझा प्लग काढला आणि टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवला. माझा एक पाय डगमगत होता, त्याखाली पाचर मारली. मग लागतील ते स्क्रू शोधायला खिळ्यांचा डबा ओतला, आणि तळातून कागदाची गुंडाळी घरंगळत आली.

“बाबा, हे काय आहे?”

मिस्त्रींचा रंधा थांबला. “ते... मध्ये यायचं कामाच्या.”

“म्हणजे हे कधी लावलंच नव्हतं?”

मिस्त्री रंधा ठेवून बाहेर गेले. मला वाटलं, आल्यावर पोर चार शब्द सुनावेल. मी असते तर आठ सुनावले असते. तिनं नुसतं फडकं घेतलं आणि पानावरचं ग्रीस पुसत बसली.

पान लागलं, झाकण लागलं. मग तिनं गाईड हातात घेतलं. गाईड म्हणजे फळी जिला चिकटून सरळ पुढे जाते ती पट्टी. तिनं माझ्या एका दातावर खडूची खूण केली, दात पुढे आणून गाईडपर्यंत मोजलं आणि तोच दात हातानं फिरवून मागे नेऊन पुन्हा मोजलं. पुढे शंभर मिलिमीटर, मागे नव्व्याण्णव. म्हणजे फळी जसजशी मागे जाईल तसतशी पात्यावर दाबली जाणार.

“मी कायम पुढूनच मोजायचो,” दारातून आवाज आला. मिस्त्री कधीचे येऊन उभे होते. मग ते वाकले आणि मागेही शंभर भरावेत म्हणून गाईडचा मागचा स्क्रू त्यांनी स्वतः सैल करून दिला.

शनिवारी भंगारवाला हातगाडी घेऊन हजर. मिस्त्री भिंतीशी, प्लगवर हात ठेवून. “मला जरा जरी शंका आली तरी ओढणार,” त्यांनी बजावलं.

“ओढा खुशाल.”

पोरीनं वेणीचा अंबाडा घातला, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, चष्मा लावला. पातं एवढंच वर घेतलं की दात फळीच्या जरासे वर दिसावेत. उभी राहिली तीही पात्याच्या रेषेत नाही, थोडी बाजूला. फळी उडालीच तर शेजारून जावी म्हणून.

मग बटण दाबलं. अकरा वर्षं गंजत पडलेली मी, पण असा सूर लावला की शिंपीणकाकू हातातला शर्ट टाकून खिडकीशी आल्या. फळी गाईडला चिकटून सरकली. मागे चीर मिटायला गेली आणि पानावर अडली. शेवटचा वीतभर भाग आला तेव्हा पोरीनं हात उचलला आणि खाच पाडलेल्या काठीनं फळी पुढे ढकलली. बटण बंद. पात्याशेजारी तुकडा पडला होता. मिस्त्री “थांब” म्हणायला तोंड उघडणार, तर ती थांबलेलीच होती. पातं पूर्ण थांबल्यावरच तिनं तुकडा उचलला.

मिस्त्रींनी चिरलेल्या पट्टीच्या कडेवरून अर्धी बोटं फिरवली. दोनदा फिरवली.

“मग नेऊ का नको?” भंगारवाला कंटाळला होता.

“चहा घेऊन जा,” मिस्त्री म्हणाले, आणि प्लगवरचा हात काढला.

बारा बाक झाले, तेही दोन दिवस आधी. आज सकाळी ते टेम्पोत चढले, बापलेकही गेले, आणि दुपारी खिडकीबाहेर ते अर्धं वाक्य पडलं.

संध्याकाळी दोघं परतले, तर काकू त्यांच्या आधी दारात.

“हात दाखव,” म्हणाल्या. पोरीनं दाखवले. काकूंनी एकेक बोट मोजलं. दहा भरली. पण अंगठ्याला पट्टी होती.

“बघ. तरी मी म्हणतच होते.”

“काकू, बाक उतरवताना टेम्पोच्या दारात चिमटला. तिथल्या नर्सनं पट्टी बांधली.”

“पण दवाखान्यात जावं लागलं ना?”

“गेले ना.”

“आणि मशीनपायीच?”

“तिच्यापायीच. तिच्याविना बारा बाक कुठून झाले असते? आणखी वीस सांगितलेत त्यांनी.”

मिस्त्री खाकरले. “वहिनी, गल्लीत सांगणारच आहात तर एवढंही सांगा. तेव्हा मशीन पिसाळलं नव्हतं. त्याचं पान मी डब्यात ठेवलं होतं.”

शिंपीणकाकूंनी पोरीची बोटं पुन्हा एकदा मोजली.

तर दवाखाना खरा निघाला आणि पट्टीही खरी. बाकीचं उद्या गल्लीत कसं फिरतं ते ऐकायचंय मला. तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेल, तर तिच्याशी अदबीनं वागा, पण सलगी करू नका. तिच्या पेटीतून जे जे निघेल ते सगळं तिच्या अंगावर घाला. ती कोणाच्या वाईटावर नसते.

आता मिस्त्रीणबाई कारखाना झाडताहेत. आज झाडू वळला नाही. त्या वाकल्यात आणि माझ्या पायांखालचा केर ओढून काढताहेत.